काजळ, मांजराचे डोळे आणि फांदीआडचा चंद्र

मराठीत नजर टाकता येते, फिरवता येते, रोखता येते, चुकवता येते. ती कुणावर तरी खिळते, कुणाला तरी भिडते आणि तान्ह्या बाळाला लागली तर मीठ-मोहऱ्या ओवाळून काढावी लागते. ‘दृष्टिक्षेप’ या शब्दात तर क्षेप, म्हणजे फेकणे, उघडच आहे. या साऱ्या क्रियापदांची दिशा एकच आहे: डोळ्याकडून जगाकडे. शाळेच्या पुस्तकात मात्र नेमके उलट शिकवतात. दिव्याचा किंवा सूर्याचा प्रकाश वस्तूवर पडतो, तिथून परततो, डोळ्यात शिरतो आणि मग वस्तू दिसते. पुस्तकाचे म्हणणे बरोबर आहे, यात शंका नाही. पण ते बरोबर ठरायला दीड-दोन हजार वर्षे का लागली, हे पुस्तक सांगत नाही, आणि म्हणून ते मनात पक्के बसतही नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जेराल्ड वायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पाहण्याच्या क्रियेबद्दल निरनिराळ्या पद्धतींनी प्रश्न विचारले. २००२ साली त्यांनी त्याचा जो आढावा छापला त्यात डोळ्यातून काहीतरी बाहेर पडते असे मानणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने निघाले. काही चाचण्यांत तर जवळजवळ निम्मे. खास शिकवणी दिल्यावर उत्तरे सुधारली, पण ती सुधारणा टिकली नाही. ही केवळ अडाणीपणाची गोष्ट नव्हे. नेत्रकिरणांचे मत मांडणाऱ्यांकडे पुरावे होते आणि ते पुरावे खोटे नव्हते. त्यांचा अर्थ चुकला होता. तो नेमका कुठे चुकला हे शोधता शोधताच प्रकाशाचे आणि डोळ्याचे शास्त्र उभे राहिले आहे.

भारतात या मताची सर्वांत काटेकोर मांडणी न्यायदर्शनाने केली. नैयायिकांच्या मते इंद्रिय आणि वस्तू यांचा संनिकर्ष, म्हणजे प्रत्यक्ष गाठ, झाल्याशिवाय प्रत्यक्ष ज्ञान होत नाही. जीभ चवीला भिडते, त्वचा स्पर्शाला भिडते. मग डोळ्यानेच दूर बसून कसे जाणावे? म्हणून डोळा ‘प्राप्यकारी’ आहे, विषयापर्यंत पोचून काम करणारा आहे, असे त्यांनी ठरवले. इथे डोळा म्हणजे बुबुळाचा गोळा नव्हे. खरे इंद्रिय तेजाचे बनलेले आहे आणि त्याचे किरण दिव्याच्या प्रकाशासारखे बाहेर पसरतात. मोहरीएवढी वस्तू आणि पर्वताएवढी वस्तू एकाच इवल्या डोळ्याला दिसते, ती या पसरण्यामुळेच. मग हे किरण कुणाला दिसत कसे नाहीत? न्यायसूत्रांत त्याला उत्तर आहे: भर दुपारी उल्का दिसत नाही म्हणून ती नसते असे नाही. त्यावर कुणी विचारील, मग रात्री तरी दिसावेत. तर या तेजाचे रूप मुळातच प्रकट नसते, पण काही प्राण्यांत ते प्रकट असते. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे बघा; मांजराच्या डोळ्यातून किरण निघताना दिसतातच की. हा पुरावा फार तगडा आहे. अंधाऱ्या बोळात दोन हिरवट ठिणग्या पाहणाऱ्या कुणालाही, डोळ्यात प्रकाश नसतो, हे पटवणे सोपे नाही.

बौद्ध आणि जैन तार्किकांनी या मतावर चहूबाजूंनी हल्ला केला. वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’त डोळा, कान आणि मन ही विषयापर्यंत न पोचता काम करणारी, म्हणजे अप्राप्यकारी, मानली आहेत. दिङ्नागांनी विचारले, की गाठ पडूनच दिसत असेल तर वस्तू दूर आहे हे का जाणवते? आणि डोळ्याहून कितीतरी मोठी वस्तू डोळ्याला भिडेल कशी? जैन आचार्य पूज्यपादांचा युक्तिवाद सर्वांत घरगुती आणि म्हणून सर्वांत बोचरा आहे. त्वचेला जे भिडते ते त्वचेला कळते. डोळाही तसाच असता, तर त्यात घातलेले काजळ त्याला सर्वांत आधी दिसायला हवे होते. प्रत्यक्षात तेवढेच दिसत नाही. या वादातला आणखी एक आक्षेप फांदी आणि चंद्राचा. डोळे उघडताच जवळची फांदी आणि तिच्याआडचा चंद्र एकदमच दिसतात. किरण प्रवास करून जात असतील तर फांदी आधी आणि चंद्र बऱ्याच उशिराने दिसायला हवा. यावर ‘न्यायवार्तिक’कार उद्द्योतकरांचे उत्तर असे, की तो एकाच वेळेचा भास आहे. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुईने भोसकल्या तर त्या एकदमच भेदल्यासारख्या वाटतात, पण सुई एकीनंतर दुसरीतून गेलेली असते. किरणांचा वेग इतका अफाट, की मधला काळ जाणवत नाही.

न्यायपक्ष नुसता बचाव करत नव्हता, त्याचे प्रतिप्रश्नही अवघड होते. काच, अभ्रक, स्फटिक यांच्या पलीकडचे दिसते, म्हणजे डोळा तिथे पोचतच नाही, असा आक्षेप न्यायसूत्रांनीच नोंदवून ठेवला आहे. त्यावर ते म्हणतात, पोचायची गरजच नसेल तर भिंतीपलीकडचे का दिसत नाही? भिंत जे अडवते आणि काच जे सोडते असे काहीतरी मध्ये असलेच पाहिजे. सूर्याचे किरणही स्फटिकातून आरपार जाऊन पलीकडची वस्तू तापवतातच ना. याला बौद्धांचे उत्तर लोहचुंबकाचे होते: चुंबक लोखंडाला न शिवता ओढतो, पण म्हणून जगातले सगळे लोखंड ओढत नाही, तशीच डोळ्याच्या शक्तीलाही मर्यादा आहे. हे उत्तर तोंड बंद करते, पण भिंत नेमके काय अडवते हे काही सांगत नाही. इथे वादाची कोंडी दिसते. एक पक्ष म्हणतो डोळा वस्तूपर्यंत जातो, दुसरा म्हणतो जात नाही. वस्तूकडून काही डोळ्यापर्यंत येते, हा तिसरा पक्ष या वादाच्या मध्यभागी कधी आलाच नाही. त्याचे साहित्य मात्र हाताशी होते. चंद्र स्वतःच्या तेजाने नव्हे तर सूर्याच्या प्रकाशाने उजळतो, हे आर्यभटांनी इसवी सन ५०० च्या सुमारास लिहून ठेवले होते. चंद्राला जो न्याय लावला तो त्याच्याखालच्या फांदीला लावला असता, तर दोन्ही एकाच रीतीने दिसतात हे उघड झाले असते. तसे झाले नाही, कारण त्या वादाचा खरा विषय प्रकाश नव्हताच. बाहेरचे जग खरोखर आहे आणि आपल्याला त्याचे थेट ज्ञान होते, हे नैयायिकांना सांभाळायचे होते. नेत्रकिरण हा त्या भूमिकेचा पूल होता आणि तो काढला तर पलीकडचा किनाराच नाहीसा होईल अशी त्यांना भीती होती.

ग्रीक जगात हाच प्रश्न वेगळ्या अंगाने खुंटला. तिथे वस्तूंतून पातळ प्रतिमा सुटून डोळ्यात शिरतात असे मानणारे अणुवादी होते. पण हत्तीएवढी प्रतिमा बुबुळाच्या छिद्रातून आत जाते कशी, याला त्यांच्याकडे धड उत्तर नव्हते. उलट युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास डोळ्यातून निघणाऱ्या किरणांना सरळ रेषा मानले आणि दूरची वस्तू लहान का दिसते, समांतर रेषा लांबवर जवळ आल्यासारख्या का भासतात, हे भूमितीने चोख सिद्ध केले. जमिनीवर पडलेली सुई डोळ्यांसमोर असून सापडत नाही, याचे स्पष्टीकरण त्या परंपरेत असे, की किरणांच्या मध्ये फटी असतात आणि सुई फटीत पडते. नजर फिरली, एखादा किरण तिच्यावर आला, की ती गवसते. टॉलेमीने पाण्यात आणि काचेत किरण किती वळतो हे मोजून कोष्टके केली, तीही नेत्रकिरण मानूनच. ही मापे बहुतांशी बरोबर यायची. हा वाद इतका लांबला याचे मुख्य कारण मला इथे दिसते. आरशावरचे परावर्तन असो की पाण्यातले वक्रीभवन, किरणाचा मार्ग दोन्ही दिशांनी तोच असतो. रेषेचे बाणाग्र उलटे केले तरी एकही कोन बदलत नाही. म्हणजे वस्तू कुठे आणि केवढी दिसते, यावरून दिशेचा निकाल कधीच लागू शकत नव्हता, कितीही काळजीपूर्वक मोजले तरी. चुकीचे गृहीतक बरोबर उत्तरे देत राहिले, आणि बरोबर उत्तरे देणाऱ्या गृहीतकावर कोण शंका घेणार?

निकाल लागायला अशा गोष्टी हव्या होत्या ज्या उलट्या केल्या की बदलतात. त्या वेचून पुढे मांडण्याचे काम बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत उत्तरायुष्य काढलेल्या इब्न अल-हैथमने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात केले. त्याच्या ‘किताब अल-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथाची सुरुवात वेदनेपासून होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सूर्याकडे रोखून पाहिले तर डोळा दुखतो. प्रखर प्रकाशाकडे पाहून नजर अंधारात वळवली तरी त्याचा ठसा काही काळ डोळ्यात राहतो. देणाऱ्याला अशी इजा होत नाही, घेणाऱ्याला होते. मग त्याने अंधाऱ्या खोलीच्या एका लहान छिद्रासमोर ओळीने दिवे ठेवले. आतल्या भिंतीवर तितकेच कवडसे उमटले, आणि एक दिवा झाकला की नेमका त्याचाच कवडसा नाहीसा झाला. सगळे प्रकाश एकाच छिद्रातून गेले तरी एकमेकांत मिसळले नाहीत. त्याचा सर्वांत निर्णायक युक्तिवाद मात्र प्रयोगाचा नसून काटकसरीचा आहे. डोळ्यातून किरण जातात असे क्षणभर मानले, तरी वस्तूची खबर डोळ्याला कळायची तर तिथून काहीतरी परत यावेच लागेल. परत येणारे जर दिसण्याला पुरेसे असेल, तर जाणाऱ्याचे काम काय? भूमितीवाल्यांनी सोयीसाठी त्या रेषा खुशाल आखाव्यात, त्याला हरकत नव्हती. रेषा राहिल्या, बाण उलटला.

पण बाण उलटताच एक अडचण उभी राहिली, आणि ती नेत्रकिरणवाद्यांना कधी भेडसावलीच नव्हती. फांदीवरच्या प्रत्येक बिंदूतून सर्व दिशांना प्रकाश निघतो. म्हणजे डोळ्याच्या प्रत्येक बिंदूवर फांदीच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश येऊन आदळतो. मग फांदी दिसावी कशी? दिसायला हवा तो नुसता उजेडाचा काला. इब्न अल-हैथमने त्यातून वाट काढली ती अशी, की डोळ्याच्या पृष्ठभागावर काटकोनात येणारे किरणच तेवढे दृष्टीला उपयोगी पडतात, बाकीचे क्षीण होतात. हा तोडगा डळमळीत होता. काटकोनाहून केसभर कललेला किरण एकदम निकामी का व्हावा? सहाशे वर्षांनी, १६०४ साली, योहानेस केप्लरने तो सोडून दिला. कुठलाही किरण टाकू नका, सगळे घ्या, असे त्याने म्हटले. एका बिंदूतून निघून बाहुलीत शिरलेले सगळे किरण डोळ्याचे भिंग पुन्हा एका बिंदूत गोळा करते, आणि तो बिंदू मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, असतो. बिंदूगणिक बिंदू जुळून तिथे समोरच्या दृश्याचे इवले, उलटे चित्र उमटते. पर्वताने डोळ्यात शिरायची गरज नाही आणि डोळ्याने पर्वतापर्यंत जायचीही नाही. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर टाकलेला आक्षेप एकाच वेळी निकामी झाला. पुढे देकार्तने १६३७ साली हे पडताळायची रीत लिहून ठेवली: मेलेल्या बैलाचा डोळा घ्या, मागचे आवरण खरवडून तिथे पातळ कागद किंवा अंड्याचे कवच लावा आणि खिडकीच्या भोकात बसवा. अंधाऱ्या खोलीतून पाहणाऱ्याला त्या कवचावर बाहेरचा रस्ता उलटा दिसतो. हे चित्र उलटे असूनही जग सुलटे कसे भासते, हा प्रश्न आपल्या विद्येच्या हद्दीबाहेरचा म्हणून केप्लरने सरळ बाजूला ठेवला. मला हे त्याचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. प्रकाश डोळ्यात काय करतो आणि मन त्याचे काय करते, हे दोन प्रश्न त्याने वेगळे केले, आणि पहिला तिथेच सुटला.

आता जुने पुरावे पुन्हा हातात घेऊन पाहू. काजळाचा दाखला जिंकलेल्या पक्षाचा, पण त्याचाही अर्थ चुकलाच होता. पापणीच्या कडेवरचे काजळ डोळ्याला दिसत नाही, ते डोळा दूरचेच जाणतो म्हणून नव्हे, तर इतक्या जवळच्या वस्तूचे रेखीव चित्र दृष्टिपटलावर पाडण्याइतके भिंग फुगू शकत नाही म्हणून. ही जवळची मर्यादा लहानपणी काही सेंटिमीटरांची असते, आणि भिंग ताठरत गेले की ती मागे सरकते. चाळिशी लागते ती त्यामुळेच. सुईचे निरीक्षणही खरे होते. रेखीव दृष्टी दृष्टिपटलाच्या मधल्या अगदी छोट्या खळग्यापुरती असते, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाने झाकले जाईल जेमतेम एवढ्या भागापुरती. बाकीचे सगळे पुसट असते आणि सुई त्या पुसट भागात हरवते. फटी होत्या, पण त्या हवेतल्या किरणांत नव्हत्या, आतल्या पेशींच्या विणीत होत्या. आणि मांजर? ठार काळोखात, जिथे बाहेरचा तिळभर उजेड नाही तिथे, त्याचे डोळे चमकत नाहीत. त्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. पेशींना चुकवून गेलेला उजेड तो परत फिरवतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी देतो. त्यातूनही निसटलेला प्रकाश आला त्याच वाटेने बाहेर पडतो. गाडीच्या दिव्यात रानातल्या बिबट्याचे आणि गोठ्यातल्या गाईचे डोळे चमकतात ते असेच. माणसाला हा थर नसला तरी थोडा प्रकाश आपल्या डोळ्यातूनही परततो, पण तो आल्या वाटेने दिव्याकडे जातो. पाहणारा दिव्याच्या जागी नसल्याने त्याला बाहुली काळी दिसते. हे कोडे सोडवताना हर्मन हेल्महोल्ट्झला सुचले, की पाहणाऱ्याला आणि दिव्याला एकाच रेषेत आणले तर जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ दिसेल. १८५१ साली त्याने नेत्रदर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. आज मधुमेह्याच्या डोळ्यात डोकावणारा डॉक्टर ज्या उजेडाने पाहतो, तो मांजराच्या डोळ्यातून परतणाऱ्या उजेडाचाच भाऊ आहे.

जुन्या चुकीला ही फार उदार वागणूक झाली, असे कुणी म्हणेल. दुसरे कुणी उलट टोकाला जाऊन म्हणेल, की उद्द्योतकरांना प्रकाशाचा वेग ठाऊकच होता. दोन्ही म्हणणी मला मान्य नाहीत. प्रकाशाला वेळ लागतो हे १६७६ साली ओले रोमरने गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांवरून दाखवले, आणि त्यासाठी वर्षानुवर्षांची वेळापत्रके लागली. उद्द्योतकरांकडे पाकळ्यांचा दृष्टांत होता, मोजमाप नव्हते, आणि त्यांचा किरण निघत होता तो उलट्या टोकाकडून. पण फांदी आणि चंद्र एकाच क्षणी दिसतात हा भास आहे, एवढे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे आणि तिथून प्रकाश यायला सुमारे १.३ सेकंद लागतात. जी फांदी दिसते ती या क्षणाची, जो चंद्र दिसतो तो सव्वा सेकंदापूर्वीचा. किरण इथून जाऊन परतायचा तर दुप्पट वेळ लागला असता. तोही मोजलेला आहे: १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेझर सोडला की त्याचा परतीचा प्रकाश सुमारे अडीच सेकंदांनी पोचतो.

याहून वजनदार आक्षेप आधुनिक आहे. पाहणे ही काही निमूटपणे घेण्याची क्रिया नाही. डोळा सेकंदाला साधारण तीनदा जागा बदलतो, मेंदू हवे ते उचलतो, नको ते वगळतो, समोरच्याचा अंदाज आधीच बांधतो. मग ‘नजर टाकणे’ हेच वर्णन अधिक खरे नाही का? त्यातला अर्धा भाग मी मान्य करतो. केप्लरने बाजूला ठेवलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि त्याचे उत्तर कृतीच्या भाषेतच येईल असे दिसते. १८९६ साली जॉर्ज स्ट्रॅटनने जग उलटे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून काही दिवस काढले. हातापायांच्या वावराने त्याला त्या उलट्या जगात हळूहळू सराईतपणे वागता येऊ लागले. पण कृती डोळ्याच्या स्नायूंची आणि मेंदूची आहे. पाहण्यासाठी बाहेर काही जात नाही. डोळा कोणत्याही उबदार वस्तूसारखी अवरक्त उष्णता बाहेर टाकतो हे खरे, पण हातही ती टाकतो, आणि तेवढ्याने हाताला काही दिसू लागत नाही. खरोखर काही बाहेर पाठवून ‘पाहणारा’ प्राणी कसा असतो हे बघायचे तर किडे पकडणाऱ्या लहान वटवाघळांकडे बघावे. त्यांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज डोनाल्ड ग्रिफिन आणि जॉर्ज पिअर्स यांनी १९३८ साली हार्वर्डमध्ये यंत्राने टिपले. वटवाघूळ साद सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. दोन मीटरवरच्या पतंगाची खबर सुमारे बारा हजारांश सेकंदांत परत येते आणि त्या उशिरावरूनच अंतर कळते. प्राप्यकारी इंद्रियाची ही खरी किंमत आहे. स्वतःची शक्ती खर्चावी लागते, अंतर वाढले की प्रतिध्वनी झपाट्याने विरतो, आणि काही मीटरांपलीकडच्या किड्याचा पत्ता लागणे अवघड होते. अशा इंद्रियाला तारे कधीच दिसले नसते.

आपल्या डोळ्याला ते दिसतात. सेलिग हेख्त, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन यांनी १९४२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अंधाराला सरावलेल्या डोळ्याला एक क्षणिक ठिणगी जाणवायला किती प्रकाश लागतो ते मोजले. डोळ्याच्या पृष्ठभागावर साधारण ५४ ते १४८ प्रकाशकण पोचले तर ती दिसे, आणि त्यांतले फक्त ५ ते १४ दृष्टिपटलात शोषले जात. अमावास्येच्या आसपास, शहराच्या उजेडापासून दूर, देवयानी तारकासमूहात एक पुसट धूसर डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका आहे. तिथून निघालेला एखादा प्रकाशकण एवढा प्रवास करून बाहुलीतून आत येतो आणि दृष्टिपटलातल्या एका रेणूवर आदळतो. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेली त्या रेणूची वाकडी शेपटी सरळ होते. प्रकाशकण तिथे संपतो.